पावलं वाजवत या

या, जरा जवळ सरकून बसा. माझा घसा बसलाय, लांबच्यांना ऐकू जायचं नाही. एका इस्त्रीवालीची गोष्ट सांगते. देवाला आवडेल अशी आहे, असं मला आपलं वाटतं.

एका लाँड्रीत दवाखान्यांच्या चादरी यायच्या. इस्त्रीची टेबलं जमिनीत ठोकलेली, भिंतीकडे तोंड करून. दाराकडे सगळ्यांच्या पाठी. मावशी घड्या घालायची, तिची भाची इस्त्री करायची. या भाचीवर एका ओळखीच्याच माणसानं जबरदस्ती केली होती. मागून येऊन. बरेच महिने ती घरात भिंतीला पाठ लावून बसून होती. आता कशीबशी कामावर परतली, तर तिच्या हातून एकामागून एक चादरी जळायला लागल्या.

"मावशी, मी काही राक्षस नाही," मुकादम म्हणाला. "पण आता आणखी एक जळली, तर तिला घरी पाठवावं लागेल. वर उत्तर मलाच द्यायचंय."

पुन्हा घरातली ती भिंत! मावशीचे पाय आधीच सुजलेले, त्यात हे. घरी पोचल्यावर तिनं भाचीला विचारलं, "नक्की होतं काय गं तुला?"

"कुणी आलेलं कळतच नाही, मावशी. एकदम सावली पडते. सगळ्या किती हळू चालतात!"

मावशी होती तिथेच खाली बसली. पोरीला त्रास नको म्हणून हसणं-खिदळणं बंद, चपला दाराशी, पावलं हलकी, असं सगळ्या बायकांनी ठरवलं होतं. आणि ते सुचवलं होतं मावशीनंच.

दुसऱ्या दिवशी भाची पाणी प्यायला गेली, तेव्हा मावशीनं डबे उघडून बसलेल्या बायकांना गाठलं. "उद्यापासून चपला घाला. खोका, बडबडा, भांडा. पण तिच्या मागून जाताना आवाज करा."

"आता खोकत चालायचं?" त्यांच्यातली एक चष्मेवाली म्हणाली. "मुकादम औषध पाजेल आम्हाला!" मग आवाज उतरवून म्हणाली, "पण नक्की काय झालं होतं तिला? सगळं सांगितलंस तर आम्हालाही कळेल, वाईट वाटेल."

"आधी तिचं दुःख तोलून बघणार, आणि मग खोकणार होय गं?"

चष्मेवालीनं पुढचा घास तोंडात घातला. जेवण उरकून, भाची परत यायच्या आत, ती टेबलाशी उभी राहिली. मावशी अनवाणी पायांनी हळूच मागून गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. चष्मेवाली अशी किंचाळली की इस्त्री हातातून सुटली. सगळ्या खो खो हसल्या.

"मेले असते ना मी! काय हे मावशी!" छातीवर हात ठेवून तीही हसायला लागली.

मावशी हसली नाही. "तू दचकलीस, मागे वळलीस, मी दिसले. तुझं संपलं. ती वळते तेव्हा आधी तो दिसतो, मग आपण दिसतो. दिवसभर, बायांनो. हातात तापलेली इस्त्री घेऊन."

हसणं विरलं. चष्मेवालीनं चष्मा काढून पदरानं पुसला, बराच वेळ पुसत राहिली. मग दाराशी जाऊन स्वतःच्या चपला घालून आली.

त्यानंतर त्या खोलीत काय गोंगाट व्हायचा! कुणी बादली आपटत यायची, कुणी सुनेच्या नावानं खडे फोडत. मावशीला दुसरं काही सुचेना, म्हणून ती भजन म्हणत यायची, थकलेल्या, फाटक्या आवाजात. भाची अजूनही दचकायची, नाही असं नाही. रात्रीची झोपही नव्हतीच. पण चादरी पांढऱ्या निघायला लागल्या, आणि मुकादमानं तो विषय पुन्हा काढला नाही.

एका दुपारी मावशी गात मागून गेली, तर भाची इस्त्री न थांबवता, मागे न बघता म्हणाली, "मावशी, सूर पार गेला गं."

"जाऊ दे," मावशी म्हणाली, आणि तेच कडवं आणखी मोठ्यानं घेतलं.

एवढीच गोष्ट. ती पोर अजून दमते, अजून उभी असते त्या टेबलाशी. हात जोडाल तेव्हा तिची आठवण ठेवा. आणि उठून जाताना, पुढे कुणी पाठमोरं बसलं असेल, तर जरा पावलं वाजवत जा.