नायडेनचा कॉम्प्युटर चालू असेपर्यंत

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी माझ्यासारखा कुणी नसेल, आणि नसलेलाच बरा. मी शोकपत्रके छापणारा एक जुना प्रिंटर आहे. आमच्या त्रोयान गावात माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि चार ओळी काळ्या चौकटीत छापतात. ते कागद फाटकावर, चर्चच्या दारावर, बसथांब्याच्या काचेवर चिकटवतात. कोण गेले, दफन केव्हा, हे लोकांना त्यावरूनच कळते. चाळीसाव्या दिवशी पुन्हा छापतात, वर्ष झाले की पुन्हा. ही सगळी पाने माझ्या पोटातून बाहेर येतात.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. त्या दिवसांचे मला फारसे आठवत नाही. खोक्यातला अंधार तेवढा आठवतो. उजेड पाहिला तो नायडेनच्या दुकानातच.

नायडेन आधी फोटोग्राफर होता. जाड बोटांचा, हळू बोलणारा माणूस. गावातल्या निम्म्या लोकांच्या लग्नांचे फोटो त्याने काढले होते, आणि पुढे त्यांचीच शोकपत्रके करायची वेळ त्याच्यावर आली. पण चेहऱ्याची त्याला जाण होती. कुणी ओळखपत्रावरचा पुसट फोटो घेऊन आले, तरी तो त्यातला माणूस शोधून काढी. पान बाहेर आले की ते दोन्ही हातांनी उचली आणि त्यातल्या चेहऱ्याला म्हणे, "या, स्टामेनदादा. बरे दिसताय." लोक मला हात लावून म्हणत, "इथे चेहरा जिवंत येतो हो." मला तेव्हा फार अभिमान वाटे.

मित्रांनो, माझ्यात एक उणीव आहे. माझ्या पाठीला एकच वायर लागते. नेटवर्कवर स्वतः जाणे मला जमत नाही. माझ्या पिढीतल्या स्वस्त प्रिंटरांना ते शिकवलेलेच नव्हते. मागच्या खोलीत नायडेनचा कॉम्प्युटर होता, मी त्याला जोडलेला. नायडेनची बायको वेलिका पुढच्या खोलीत काउंटरवर बसे. तिने पाठवलेले पान आधी नायडेनच्या कॉम्प्युटरकडे येई आणि मग माझ्याकडे. तो कॉम्प्युटर झोपला की वेलिकाचे पान अडकलेच.

"नायडेन! तुझं धूड परत घोरायला लागलं!" ती पुढून ओरडे.

"घोरत नाहीये, विचार करतंय," तो आतून म्हणे. "तुझ्यासारखं आधी बोलून मग विचार नाही करत ते."

"तुम्ही दोघं मिळून विचार करा. मी तोवर हातानं लिहून काढते!"

त्यांची मुलगी रालित्सा सोफिया शहरात नोकरी करी. ईस्टरला घरी आली की ती हा गोंधळ पाही. "बाबा, एकाच्या जिवावर दुसऱ्याला कशाला टांगताय? उद्या तुमचा कॉम्प्युटर बंद पडला तर? प्रिंटरला स्वतःची वाट करून देऊ या."

"मी आहे ना," नायडेन म्हणे आणि तिच्या ताटात आणखी कोकराचे मटण वाढी. विषय तिथेच संपे.

एका फेब्रुवारीत अंगणात लाकडे फोडताना नायडेन खाली बसला, तो उठलाच नाही.

त्याचे पत्रक वेलिकाने स्वतः केले. ती प्रथमच त्याच्या खुर्चीत बसली. तिला फोटो उजळता येत नव्हता, म्हणून चेहरा थोडा काळपट राहिला. मी माझ्याकडून जितके जमेल तितके स्वच्छ छापले. पान तिने त्याच्यासारखेच दोन्ही हातांनी उचलले. मग म्हणाली, "ये."

त्या दिवसापासून वेलिकाने तो कॉम्प्युटर बंद केला नाही. नायडेनने चालू केलेला होता ना तो. पडद्यावर त्याने अर्धवट सोडलेले एक काम तसेच उघडे होते. "बंद करून चालू करा" अशी सूचना आली की ती "नंतर" वर बोट ठेवी. सकाळी दुकान उघडले की आधी मागे येई, पंख्याचा आवाज ऐके आणि मगच शाल काढी. शेजारीण म्हणाली, "अगं, विजेचं बिल?" तर वेलिका उसळून म्हणाली, "तुझा नवरा दिवसभर टीव्ही लावून बसतो, त्याचं बिल बघ आधी!"

पण यंत्रालाही थकवा येतो. पंखा घरघरू लागला. पाने उशिरा येऊ लागली, कधी अर्धीच.

आणि एका सकाळी मिंचोकाका आले. डोंगरावरच्या वाडीत राहणारे, एकटे. म्हणजे कालपर्यंत एकटे नव्हते. आदल्या संध्याकाळी त्यांची बायको गेर्गाना गेली होती. दफन त्याच दुपारी होते. काखेतल्या पिशवीतून त्यांनी तिचा फोटो काढला. प्लमच्या झाडाखाली डोक्याला रुमाल बांधून ती हसत होती.

वेलिकाने पान तयार करून पाठवले. माझ्याकडे काहीच आले नाही. पुन्हा पाठवले. नायडेनचा कॉम्प्युटर गोठून बसला होता.

"बंद करून बघ की," काका म्हणाले.

"परत चालू झाला नाही तर?" वेलिका म्हणाली. तिने माझी वायर तिकडून काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला लावायचे ठरवले. ती खाली वाकली, वायर धरली, आणि तिचा हात थांबला.

काका दारात टोपी हातात धरून उभे. "पोरी, तुझं मन का अडकलंय, ते मला कळतंय. आज मला नाही कळणार तर कुणाला? पण माझी गेर्गाना गेली, हे गावाला कळणार कसं?"

वेलिका रडू लागली. काकांनी फोटो पिशवीत ठेवला आणि ते निघून गेले.

काही दिवसांनी ते रस्त्यात भेटले, तेव्हा वेलिकाने विचारले, "कोण कोण आलं होतं?"

"पाद्रीबुवा होते. मी होतो. खड्डा खणणारे होते." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तिला माणसं आवडायची गं."

वेलिकाने त्याच दिवशी मुलीला फोन केला. "ये. ती तुझी वाट काय असते, ती करून दे."

रालित्सा आली. तिने आईला जवळ बसवून समजावले. "हे बघ, प्रिंटर तुझ्या कॉम्प्युटरला जोडता येईल, पण मग हेच दुखणं तुझ्यामागे लागेल. बाजारात वायर खुपसायचा एक डबा मिळतो, तो मी आणून पाहिला. एवढ्या जुन्या प्रिंटरशी त्याचं पटत नाही, फोटो अर्धा कापतो. म्हणून हा छोटा कॉम्प्युटर आणलाय. याला पडदा नाही, काही नाही. प्रिंटर सांभाळणं एवढंच याचं काम. नेटवर्कवर याला कायमचा एकच पत्ता देते, म्हणजे हा हरवणार नाही. वीज जाऊन परत आली की आपणहून उठेल."

"आणि हे?" वेलिकाने नायडेनच्या कॉम्प्युटरकडे पाहिले.

"हे आता बंद करू या, आई."

"तू नको. मी करते."

तिने बटण दाबून धरले. पंख्याची घरघर हळू झाली आणि थांबली. मित्रांनो, इतकी वर्षे मी त्या खोलीत होतो, पण तिथली शांतता मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. वेलिकाने कॉम्प्युटरच्या पाठीवर तळहात ठेवला. तो गार होईपर्यंत तिने हात काढला नाही. रालित्सा बाहेर जाऊन पायरीवर बसली होती. तिचे हुंदके आत ऐकू येत होते.

नव्या वाटेने माझ्याकडे आलेले पहिले पान गेर्गानाचे होते, चाळीसाव्या दिवसाचे. वेलिकाने मिंचोकाकांना बोलावून घेतले. माय-लेकी गठ्ठा घेऊन खालच्या पुलापासून वरच्या वाडीपर्यंत फिरल्या, एकही फाटक सोडले नाही. त्या दिवशी थडग्यापाशी माणसे आली. बायकांनी उकडलेले गोड गहू आणले, पुरुषांनी राकिया या फळांच्या दारूचा पहिला घोट मातीवर ओतला. काकांनी सगळ्यांचे हात धरले म्हणे. पण गेर्गानाला मातीत ठेवले, तेव्हाची ती रिकामी दफनभूमी कुणाला भरून काढता येणार होती?

दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले. "वेलिका, एक पान जास्तीचं दे. चिकटवायला नको, घरात ठेवायला. फक्त ती काळी चौकट काढशील का?"

चौकट कॉम्प्युटरवर कशी काढायची, ते वेलिकाला येत नव्हते. ते नायडेन करायचा. तिने पान छापले, कात्री घेतली आणि माझ्यावरच पान ठेवून चारही बाजूंनी काळी पट्टी हळूहळू कापली. उरला तो फक्त रुमाल बांधलेला हसरा चेहरा आणि थोडी प्लमची पाने. काकांनी ते टोपीत घातले, टोपी छातीशी धरली आणि ते गेले.

मित्रांनो, माझे कागद ओढणारे रूळ आता झिजले आहेत. माझ्यासारख्या जुन्याला सांभाळायचे असेल तर जरूर सांभाळा, पण एकाच माणसाच्या भरवशावर टांगून ठेवू नका. तो माणूस हसत "मी आहे ना" म्हणेल. तरीही दुसरी वाट त्याच्याकडूनच, तो असतानाच, शिकून घ्या. आणि त्या दिवशी त्याच्या शेजारी थोडा जास्त वेळ बसा.

त्या काळ्या पट्ट्या वेलिकाने अजून उचललेल्या नाहीत. त्या माझ्या अंगावरच पडून आहेत.