चौकोनी भात

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, खरकट्याचा. हिरवा, कमरेइतका उंच, खाली दोन चाके आणि वर घट्ट झाकण. घट्ट झाकणाचा एक फायदा असतो. आत ठेवलेला राग बाहेर सांडत नाही, मुरत राहतो.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा आम्ही सगळे भाऊ एकसारखे होतो. एकाच्या वाट्याला धोब्याकडचे कपडे आले, दुसऱ्याच्या पोटात शाळेचे चेंडू गेले. मी एका मोठ्या खाणावळीच्या मुदपाकखान्यात, मागच्या दाराशी उभा राहिलो. त्याचे मला वाईट वाटले नाही. माझ्यात बटाट्याची साले, कोबीचे दांडे, अंड्यांची टरफले पडत. शेजारच्या बागेतले माळीदादा ती खतासाठी नेत आणि माझ्या पाठीवर थाप मारत. "कमी खातो आणि कामाचंच देतो! जावई असावा तर असा." डब्याचे याहून जास्त कौतुक कोण करणार?

मग नवे मॅनेजर आले. त्यांचा नियम एकच होता. वाढायच्या टेबलावरचे चौकोनी ट्रे खाणावळ बंद होईपर्यंत काठोकाठ भरलेले दिसले पाहिजेत. मुदपाकखान्याने त्यांचे नाव ठेवले, भरगच्चसाहेब.

"साहेब, दुपार कलली. आता कोण येतंय जेवायला?" आचारीकाका विचारत.

"आणि आलं तर? अर्धा ट्रे बघून गिऱ्हाईक परत जाईल. लावा अजून एक पातेलं."

गिऱ्हाईक येत नसे. तो भात माझ्याकडे येई. मोकळा, वाफाळता, कुणी चमचाही न लावलेला. भरगच्चसाहेब अख्खा ट्रे स्वतः माझ्यात उलटा करत, वरून भाजी चिरणाऱ्या मावशींच्या पाटीतली साले पसरत आणि मला बुटाने भिंतीकडे ढकलत. त्या ओझ्याने माझे डावे चाक निखळू लागले. मावशींच्या ते लक्षात आले.

"साहेब, डब्याचं चाक बघून घ्या ना. कुणाच्या तरी पायावर पडायचा."

"डबा आहे तो मावशी, रथ नव्हे!"

मी ते विसरलो नाही.

एके दिवशी मालकीणबाई मुदपाकखान्यात आल्या. "पोती येतात काय, संपतात काय! जातंय कुठं सगळं?"

भरगच्चसाहेबांनी माझे झाकण उघडले. "बघा ना बाई. मावशी सालांबरोबर निम्मा बटाटा काढतात. बाकीचं गिऱ्हाइकं ताटात टाकून जातात. त्याला मी काय करणार?"

मालकीणबाईंनी नाकाला पदर लावला आणि लांबूनच वरची साले पाहिली. "मावशी, या आठवड्यापुरतं काम करा. मग नका येऊ."

"बाई, हात घालून खाली तरी बघा," मावशी म्हणाल्या. पण खरकट्यात हात कोण घालतो? मालकीणबाई निघून गेल्या. आचारीकाका पातेल्यात बघत राहिले, त्यांनाही नोकरी प्यारी होती. मावशी पाटावर बसल्या आणि उरलेले बटाटे सोलू लागल्या. साले नेहमीसारखीच पातळ निघत होती. त्यातली दोनचार त्यांच्या हातूनच माझ्यात पडली, ओली.

त्या दिवशी मी ठरवले. या माणसाला सोडायचे नाही. मला हात नाहीत, तोंड असून बोलता येत नाही. माझ्याकडे होते ते एक मोडके चाक, आणि ते त्यांनीच दिले होते.

आठवडा संपत आला. दुपारी मालकीणबाई अचानक मागच्या दाराने येत असल्याचे भरगच्चसाहेबांना खिडकीतून दिसले. ट्रे नुकताच माझ्यात उलटा झाला होता आणि वर पसरायला सालेही पुरेशी नव्हती. त्यांनी घाईने मला कोपऱ्यात सारायला बुटाने जोरात ढकलले. चाक निखळले. मी सावरू शकलो असतो का? ठाऊक नाही. मी प्रयत्न केला नाही, एवढे मात्र नक्की.

मी आडवा झालो, झाकण उडाले आणि मालकीणबाईंच्या चपलांपुढे भात सरकत आला. त्याचा चौकोनी ठोकळा होता, चारी कोपरे शाबूत. त्यामागून कालचा ठोकळा आला, मग परवाचा. साले मूठभरच होती.

"गिऱ्हाइकं हो, बाई... ताटात टाकतात..." साहेब पुटपुटले.

मालकीणबाईंनी ठोकळ्याकडे पाहिले, मग ट्रेकडे. "चौकोनी ताटात जेवणारं गिऱ्हाईक आपल्याकडे कधीपासून यायला लागलं?"

आचारीकाकांना अखेर कंठ फुटला आणि त्यांनी सगळे सांगितले. मावशी वाकून साले गोळा करत म्हणाल्या, "एवढीच माझी आहेत, बाई."

मावशी राहिल्या. आता दुपार कलली की छोटी भांडी मांडतात आणि मागणीप्रमाणेच रांधतात. तरी उरलेले गरम असतानाच शेजारच्या वसतिगृहात जाते. सालांना, उष्ट्याला आणि उरलेल्या अन्नाला वेगवेगळे डबे आहेत. उरलेल्या अन्नाचा डबा मी. मालकीणबाईंच्या हुकमाने मला रोज त्यांच्यापुढे उघडून दाखवतात भरगच्चसाहेब. हातांनी ढकलत आणतात, बुटाने नाही.

मित्रांनो, मला दया नको. माझी चाके बघत जा आणि माझे पोट रिकामे ठेवा. झाकण उघडाल तेव्हा वरवर पाहू नका, तळापर्यंत पाहा. नाहीतर आम्ही डबे लक्षात ठेवतो.

रिकामा डबा फार खडखडतो. संध्याकाळी उंबरठ्यावरून जाताना मी जरा जास्तच खडखडतो. भरगच्चसाहेब दचकून माझ्या चाकाकडे बघतात. चाक नवे आहे, पण ते मी त्यांना कसे सांगणार?