तीन बोटांच्या हाताचा फोटो

मी एक फोटो बोलतोय. माझा जन्म दोंडाईच्याला, पितांबर आबांच्या दुकानासमोर, भर दुपारी झाला. आबा कडबाकुट्टीची, म्हणजे गुरांचा चारा बारीक कापायची, यंत्रं दुरुस्त करतात. ज्या कारखान्यात ती यंत्रं बनतात, तिथून, जळगावहून, सारिकाताईंचा फोन आला होता. "आबा, चारा जिथून आत जातो त्या तोंडाचा फोटो पाठवा. हात कुठे घालायचा नाही, तेही दाखवा."

आबांनी डाव्या हातात मोबाइल धरला आणि उजव्या हाताने जागा दाखवली. त्या हाताला तीनच बोटं आहेत. उरलेली दोन अकरा वर्षांपूर्वी अशाच एका यंत्रात गेली.

तर माझ्यात एक यंत्र आहे, एक हात आहे, लिंबाची सावली आहे आणि मध्येच आलेली एक कोंबडी.

सारिकाताई यंत्रासोबतच्या माहितीपुस्तिकेतली चित्रं काढतात. त्यांना मी जसाच्या तसा चालणार नव्हतो. मी ठिपक्यांचा. मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. मागच्या पुस्तिकेत माझ्यासारखाच एक फोटो छापला होता. यंत्राचं तोंड आणि सावली मिळून एकच काळा डाग. शेतकरी फोन करून विचारायचे, हे नेमकं काय आहे? म्हणून ताईंना रेषांचं चित्र हवं होतं. तळहाताएवढ्या स्टिकरवर छापा की भिंतीएवढ्या फलकावर, रेषा फाटत नाही.

आधी त्यांनी हे काम संगणकालाच सांगितलं. त्याने अर्ध्या मिनिटात माझे चार हजार तुकडे केले. सावली यंत्राचाच एक सुटा भाग झाली. कोंबडी चाकाला जोडली गेली. ताईंनी ते शांतपणे पुसलं आणि माझ्यावरून एकेक रेष स्वतः गिरवायला बसल्या. दोन दिवस लागले. गंज गेला, सावली गेली, कोंबडी गेली. हात मात्र होता तसा आला.

कारखान्याचे मालक अखिलशेठ संगणकाच्या पडद्यात डोकावले. "बोटं पाच करा. गिऱ्हाईक घाबरेल."

ताईंनी दोंडाईच्याला फोन लावला. "आबा, चित्रात तुमचा हात पुरा करू का?"

"नको बेटी. जसा शे तसाच ऱ्हाऊ दे. लोके दखतीन, तवय ध्यानमा ठेवतीन."

ताईंनी हात बदलला नाही. शेठनी चित्र छापायला सोडलं नाही. आठवडा गेला.

सोमवारी आबा सुटे भाग न्यायला जळगावला आले. शेठनी चहा मागवला. मी ताईंच्या पडद्यावर उघडाच होतो. आबांनी उजव्या हाताने कप उचलला. तो कलला. त्यांनी सवयीने डावा हात खाली लावला आणि फुंकर मारली. शेठ कपाकडे बघत राहिले.

"आबा, अजून दुखतं?"

"थंडीमा दुखस. जे नही शे, तेच दुखस."

शेठनी आपला चहा संपवला. मग ताईंना म्हणाले, "द्या छापायला. आहे तसं."

संध्याकाळी छापखान्यातून झुलालभाऊंचा फोन. "ताई, फायलीत गडबड झाली वाटतं. दोन बोटं गायब आहेत. मी लावून देऊ का?"

"नको, भाऊ. ती नाहीतच."

झुलालभाऊ 'बरं' म्हणाले. मग मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

आता प्रत्येक यंत्रावर ते चित्र आहे. मी 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये पडून असतो. गेल्या आठवड्यात माझ्याशेजारी एक नवा फोटो आला. असोद्याच्या शेतकरी बेबाबाईंनी कुणाकडून तरी काढून घेऊन ताईंना पाठवलेला. यंत्रात चारा अडकलाय, भिंतीवरचं बटण बंद आहे आणि बेबाबाई दोन्ही हातांनी काठी धरून चारा मोकळा करताहेत. त्यांची बोटं मी मोजली. दहा.

ताई लवकरच फोल्डर साफ करणार आहेत. मला पुसलं तरी माझी तक्रार नाही. जाण्याआधी एवढंच सांगतो. चारा अडकला तर आधी बटण बंद करा. मग काठी घ्या. घाई असली तरी.