भिकनबरडी

नकाशा करणारा सरकारी अमीन चोपड्याहून आला तेव्हा भागाबाई टेकडीच्या पायथ्याशी बकऱ्या चारत होती. गाव सगळं कापूस वेचायला पांगलेलं. विचारायला तीच एकटी सापडली.

"या टेकडीचं नाव काय, बाई?"

ज्या प्रश्नाची ती आस लावून बसली होती तोच आला, आणि नेमकं नाव तोंडातून निघेना. टेकडीचं नाव भिकनबरडी. बरडी म्हणजे टेकडी, आणि भिकन भागाबाईचा नवरा. एका चैत्रात वर गवत पेटलं, वारा गावाच्या दिशेने. भिकन पळसाचे डहाळे घेऊन एकटाच चढला. आग विझली, गावाच्या गंज्या वाचल्या, भिकन मात्र चौघांच्या खांद्यावरून खाली आला. पोटी लेकरू नव्हतं. गावाने टेकडीला त्याचं नाव दिलं, तेवढंच काय ते मागे राहिलं. पुढे तापाच्या मोठ्या साथीत जुनी माणसं पटापट गेली. सरकारी नकाशात चढलेलं नाव कुणाला पुसता येत नाही, असं तिने बाजारात ऐकलं होतं आणि तेवढ्यावर जीव धरला होता.

पण नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नसतं, त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा एकदा घेतलं होतं, तेही पुटपुटत. मेलेल्या माणसाचं आयुष्य आता आणखी काय कमी होणार, हे तिलाही कळत होतं. कळून काय उपयोग?

"हाई त्यासनी बरडी शे, भाऊ," ती पदर ओढत म्हणाली.

"त्यासनी म्हणजे यजमानांची, हे कळलं. पण नाव?" अमीन भला माणूस. थोडा वेळ थांबला, मग "चावडीत विचारतो" म्हणून निघून गेला.

सारा दिवस ती स्वतःला बोल लावत राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडताच तरातरा चावडीवर गेली. अमीन बैलगाडीत सामान भरत होता, शेजारी तरणा कोतवाल भटू उभा. भागाबाईने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाली, "भिकन. भिकनबरडी."

भर चावडीत लुगडं फेडल्यासारखी तिला लाज वाटली. तरी ती तिथून हलली नाही.

अमीन खाली बघत म्हणाला, "मागली बरडी असं लिहिलं, बाई. कोतवालाने सांगितलं, पोरांनीही तेच सांगितलं. कागद कालच पुढे गेला."

ती भटूवर उसळली. "तुले कोनी सांगं हाई नाव?"

भटू गोंधळून गेला. "अक्का, तूच ते म्हनस. रोज म्हनस, मागली बरडीवर जास. आम्ही तुनंच आयकीसन शिकनूत."

नवऱ्याचं नाव तोंडात येऊ नये म्हणून इतकी वर्षं भागाबाई टेकडीला मागली बरडीच म्हणत आली होती, आणि साथीनंतर वाढलेल्या पोरांना टेकडीचं नाव शिकवायला गावात तिच्याशिवाय कुणी उरलंच नव्हतं.