दीड मैल बर्फातून

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेमधल्या त्या अपार्टमेंटपासून शाळा दीड मैलावर होती आणि दोन मैलांच्या आतल्या मुलांना स्कूल बस मिळत नसे. म्हणून शैलजा आपल्या व्हॅनमधून तिघांना सोडायची: तिची निधी, शेजारच्या सीमाचा ईशान आणि दिवाळीनंतर राहायला आलेल्या मालिनीची नऊ वर्षांची ज्ञानदा. मालिनीला आठवा महिना लागला होता. तिचा नवरा मोहन पहाटेच कार घेऊन ऑफिसला जाई.

२००४च्या जानेवारीत सीमाकडे हळदीकुंकू झालं. भारतातून आलेल्या तिच्या सासूबाईंनी मालिनीला आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि तेवढ्याने भागेना म्हणून पुन्हा विचारलं. मालिनीने सरळ सांगितलं, "आम्ही बौद्ध आहोत, काकू." लगेच कोणीतरी तिळगुळाच्या पाकाचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी सीमाचा फोन आला. ईशानने त्या मुलीशेजारी बसावं, तिच्या डब्यातलं खावं हे सासूबाईंना चालत नव्हतं. आपलं स्वतःचं काही नाही, पण घरात रोज कटकट नको, असं सीमाचं म्हणणं. शैलजा शिकलेली, पुण्यात वाढलेली. तिला हे पटलं नाही. पण तसं ती बोललीही नाही. संध्याकाळी तिने मालिनीला सांगितलं की व्हॅनची मागची सीट बिघडली आहे. निधीला सांगितलं, ज्ञानदाला चालायला आवडतं.

ज्ञानदा चालू लागली. रस्त्यावरचा बर्फ मशीनने लोटून फुटपाथवर टाकलेला असे. त्या ढिगांवर चढत-उतरत तिचं लाल जॅकेट पुढे सरकत राही. शैलजाची व्हॅन रोज तिच्या शेजारून जाई. ज्ञानदा हसून हात करी, निधीही करी. शैलजा समोर बघत राही. ज्ञानदा एकदाही शाळेत उशिरा पोचली नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी शाळेच्या नर्सचा शैलजाला फोन आला. मोहन-मालिनी तपासणीसाठी हॉस्पिटलमध्ये होते, फोन बंद होते, आणि अडीअडचणीला कळवायचं म्हणून मालिनीने फॉर्मवर शैलजाचं नाव लिहिलं होतं.

ज्ञानदा वाटेत घसरून पडली होती. हातमोजे भिजले, तरी ती घरी परतली नव्हती. पांढरी पडलेली बोटं नर्सने कोमट पाण्यात धरली होती. कळ येत होती, पण पोरगी ओठ मिटून बसली होती. शैलजाला पाहताच ती नर्सला म्हणाली, "इट्स नॉट हर फॉल्ट. हर सीट इज ब्रोकन."

शैलजाला तिथे उभं राहवेना.

संध्याकाळी ती मालिनीकडे गेली आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," मालिनी म्हणाली. "पण ती नऊ वर्षांची आहे, ताई. सीट बिघडलीय, हेच मी तिला सांगत राहिले. माझ्या मुलीपुढे मी तुमची बाजू सांभाळली."

उद्यापासून मी तिला नेते, शैलजा म्हणाली.

"न्या. पण खरं काय ते तुम्हीच तिला सांगायचं. मी सांगणार नाही."

रात्री शैलजाने सीमाला कळवलं की ज्ञानदा गाडीत असेल. ईशानला पाठवायचं की नाही ते तू ठरव. सकाळी ईशान आला नाही.

व्हॅन सुरू करण्याआधी शैलजा मागे वळली. सीट कधीच बिघडली नव्हती, मी खोटं बोलले, असं तिने दोघी मुलींना सांगितलं. जात म्हणजे काय, हेही सांगावं लागलं. निधी रडू लागली. ज्ञानदाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशी, समरमध्ये निधीची आजी येणार आहे ना? ती नको म्हणाली तर?"

"तरी नेईन," शैलजा म्हणाली.

ज्ञानदाने सीटबेल्ट लावला.

"ओके," ती म्हणाली. "पण मी रोज चालायचे बूट घालूनच येईन."