बर्फातलं अस्वल आणि पेन्सिलीची गाणी

मित्रांनो, मी रशियन भाषेतलं, लहान मुलांच्या कवितांचं एक जुनं पुस्तक आहे. माझं एक अक्षरही तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून लगेच तोंड फिरवू नका. माझी चित्रं तर बघा! पहिल्याच पानावर बर्फातून चालणारं अस्वल आहे. इतकं देखणं अस्वल मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिलेलं नाही.

माझा जन्म मॉस्कोतल्या एका छापखान्यात झाला. आधी जहाजातून आणि मग मालगाडीतून मी हैदराबादच्या पुस्तक प्रदर्शनात आलो. मराठी आणि तेलुगूतली माझी भावंडं हातोहात संपली. मी मात्र तसाच पडून होतो. मग सिकंदराबादच्या रेल्वे कचेरीत काम करणारे देवराव आपल्या लेकीला, योगिनीला, घेऊन तिथे आले. तिने अस्वल पाहिलं आणि मला जे छातीशी धरलं, ते काही केल्या सोडेना.

बरकतपुऱ्यातल्या घरी पोचल्यावर पंचाईत झाली. योगिनी म्हणे, "बाबा, वाचून दाखवा." देवराव काय वाचणार, कपाळ? पण ते डगमगले नाहीत. एकेक चित्र बघत त्यांनी स्वतःच मराठी गाणी रचली. छापील पानावर शाई लावणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून प्रत्येक चित्राखाली त्यांनी पेन्सिलीने गाणं लिहिलं. बाप-लेक मग रोज मोठ्याने गात. मी फार सुखात होतो.

योगिनी मोठी झाली, लग्न होऊन अंबरपेठला गेली. मलाही तिने बरोबर नेलं, पण संसाराच्या धबडग्यात मी पत्र्याच्या पेटीत तळाशी गेलो. देवराव वारले तेही मला तिथेच कळलं. मित्रांनो, तेव्हा मला फार रडू आलं.

परवा पेटी उघडली ती योगिनीच्या मुलाने, उदयने. त्याला माझ्यासारखी पुस्तकं जमवायचा भारी नाद आहे. रविवारी फुटपाथवर हिंडून तो ती शोधतो आणि कडुनिंबाचा पाला घालून जपतो. त्यांच्यासाठी तो रशियन लिपीसुद्धा शिकला. मला बघून तो आनंदाने ओरडलाच. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू?

पण मग त्याने खोडरबर काढला. संग्रहातली प्रत स्वच्छ हवी, हा त्याचा नियम. आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या, रशियन वाचणाऱ्या या पठ्ठ्याला हाताने लिहिलेलं मराठी मात्र वाचता येत नव्हतं! माझं पहिलं गाणं बघता बघता पुसलं गेलं. मला ओरडता येत नाही, याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात योगिनी आत आली.

"काय करायलास रे?"

"साफ करायलोय, आई. कोणीतरी पूरा गिचमिड करून ठेवलंय."

तिने पान पाहिलं आणि झटकन त्याचा हात धरला. "नक्को पुसू, उदय! तुझ्या आजोबांचं अक्षर आहे ते."

उदयने खोडरबर खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला. "मला वाचताच आलं नाही, आई," तो हळूच म्हणाला. "काय होतं इथं?"

योगिनीने डोळे पुसले आणि ती गायला लागली,

"अस्वलभाऊ, अस्वलभाऊ, बर्फात कुठं निघालात?
बरकतपुऱ्याला या की राव, बिस्किट बुडवू चहात!"

गाता गाता तिला हसू फुटलं. उदयने मला खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं. पेन्सिल पुसली तरी तिचा दाब कागदावर राहतो, मित्रांनो. देवरावांच्या अक्षरांचे बारीक चर माझ्या अंगावर अजून होते. आई एकेक शब्द सांगत होती आणि उदय त्या चरांतून पेन्सिल फिरवत होता. 'अस्वलभाऊ' लिहायला त्याला केवढा वेळ लागला!

संग्रह करणाऱ्यांत कोऱ्या प्रतीला मान असतो म्हणे. असू दे बापडा. तुम्ही मात्र जुनं पुस्तक साफ करायच्या आधी त्यावर कोणी काय लिहिलंय ते वाचा, आणि वाचता येत नसेल तर घरातल्या कोणाला तरी विचारा. आता रात्री उदय माझ्या पुढच्या पानांवरची आजोबांची गाणी अडखळत वाचतो. चुकला की योगिनी हसते आणि बाप-लेकीचं ते गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.