चौकटीचा कापलेला पाय

बापाच्या घरात शिरताना तिचं कपाळ चौकटीवर सणकून आपटलं. दोन वर्षांत हे कितव्यांदा, देव जाणे! सुताराची ही थोरली लेक नगरपालिकेत इंजिनीअर. आज सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. अकराच्या सभेत ठरायचं होतं, पूर अडवायला नदीकाठी भिंत बांधायची की खालची आळी उठवून टेकडावर न्यायची. भिंतीचा आराखडा तिचाच होता. बाप याच आळीत राहायचा, आई याच घरात गेली, आणि म्हातारा इथून हलायला तयार नव्हता. भिंत झाली की बाबांचं घर वाचलं, एवढंच तिला दिसत होतं.

"बस की जरा. चहा टाकतो."

"बसवत नाही हो बाबा!"

येरझाऱ्या घालता घालता तिचं लक्ष कामाच्या बाकाखाली गेलं. बाक डुगडुगू नये म्हणून तिथं एक लाकूड सरकवलेलं होतं. रंग हिरवा, चौकटीचाच.

"हे कसलं लाकूड?"

"चौकटीचा पाय. मागच्या पुरानंतर दोन्ही पाय कुजले होते. दीड-दीड फूट कापले, चौकट खाली बसवली, वर फळी ठोकली. काय बिघडलं?"

त्याच चौकटीवर तीन पिढ्यांनी दर पुराची रेघ ओढली होती. अख्खी आळी त्या रेघांवर विसंबून. गेल्या वर्षी तिनं सगळ्यात वरची रेघ जमिनीपासून मोजली, वर फूटभर जादा धरला आणि भिंतीची उंची ठरवली. पण चौकटीबरोबर रेघाही दीड फूट खाली आलेल्या, म्हणजे भिंत अर्धा फूट ठेंगणी! आणि काठची भुसभुशीत माती याहून उंच भिंत पेलणार नव्हती. घरचीच तर चौकट, त्यात काय विचारायचं, म्हणून तिनं विचारलंच नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

बापाच्याही ध्यानात आलं. तो हळूच म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. अर्ध्या फुटानं काय होतंय, पोरी?"

"पाणी भिंतीवरून आत आलं तर बाहेर जायला वाट नाही, बाबा. हौदासारखी भरेल आळी. माणसं झोपेत बुडतील."

तिनं लाकूड उचललं आणि चहा न घेताच निघाली.

सभेत तिनं ते नगराध्यक्षांसमोर टेबलावर ठेवलं. "मोजमाप चुकलंय. चूक माझी आहे." एकच गलका झाला. "आता सांगताय होय!" कुणीतरी ओरडलं. तासाभरानं आळी हलवायच्या बाजूनं हात वर झाले. तिचाही हात वर होता.

लाकूड उचलून ती धावतच आळीत परतली. बाप बोलेल का आपल्याशी? दारात सवयीनं मान वाकवली, तर वर काहीच नव्हतं. चौकट अंगणात आडवी पडलेली. म्हातारा गुडघ्यांवर बसून एका बाजूला घरात उरलेला कापलेला पाय जोडत होता.

"दुसरा आणलास ना? दे इकडे."

"टेकडावर पाणी यायचं नाही, बाबा."

"न येवो," तो मान वर न करता म्हणाला. "पण ही तिथल्या दाराला लागेल, तेव्हा इथं किती आलं होतं, ते खरं दिसायला हवं."